राखीव मेल सर्व्हर ठेवावा का, आणि ठेवल्यास तो कसा चालवावा?

संगणककक्ष

नमस्कार. एका छोट्या संस्थेची ईमेल व्यवस्था गेली चार वर्षे मी एकटीच सांभाळते आहे. भाड्याच्या एका व्हीपीएसवर (मोठ्या यंत्रावरील आभासी सर्व्हरवर) डेबियन ही लिनक्स प्रणाली, त्यावर मेलची ने-आण करणारे पोस्टफिक्स आणि मेलबॉक्स सांभाळणारे डव्हकॉट, चाळीसेक मेलबॉक्स आणि दिवसाला साधारण ३,००० येणाऱ्या मेल, असा पसारा आहे. त्यांपैकी निम्म्या तरी स्पॅम म्हणून दारातच परतवल्या जातात. गेल्या महिन्यात ज्या यंत्रावर आमचा व्हीपीएस चालतो त्याची डिस्क बिघडली आणि तो पुन्हा उभा राहीपर्यंत १९ तास गेले. माझ्या पाहण्यात तरी एकही मेल हरवली नाही. मात्र त्या वेळात बाहेरून मेल पाठवणाऱ्या काहींना ‘तुमची मेल अद्याप पोहोचलेली नाही, आम्ही प्रयत्न करीत आहोत’ अशा सूचना गेल्या, त्यांनी फोन केले, आणि संस्थेच्या पुढच्या बैठकीत ‘यावर कायमचा उपाय काय’ हा प्रश्न माझ्यासमोर ठेवण्यात आला.

एका सहकाऱ्याचे म्हणणे असे की, दुसऱ्या डेटासेंटरमध्ये एक लहानसा सर्व्हर घ्यावा, डीएनएसमध्ये (डोमेनच्या नोंदवहीत) त्याची दुसरी एमएक्स नोंद, म्हणजे ‘या डोमेनची मेल या सर्व्हरकडे द्या’ असे सांगणारी नोंद, मोठ्या क्रमांकाने टाकावी, आणि मुख्य सर्व्हर बंद असताना आलेल्या मेल त्याने साठवून ठेवून नंतर पुढे पाठवाव्यात. ऐकायला हे सोपे वाटते, पण शोध घेताना ‘राखीव एमएक्स ठेवू नका’ असे बजावणारेही बरेच जण भेटले, आणि त्यांची कारणे मला पूर्णपणे उमगली नाहीत. असा सर्व्हर ठेवण्यात खरोखर काय मिळते, त्यावर मेल किती दिवस ठेवाव्यात, आणि पोस्टफिक्समध्ये त्याची मांडणी करताना नेमके कुठे चुकते, हे अनुभवी मंडळींकडून समजून घ्यायचे आहे.

जुनाटपाली

बजावणाऱ्यांची बाजू आधी मांडतो, कारण ती समजल्याशिवाय पुढची मांडणी नीट होणार नाही.

तुमचा सर्व्हर बंद असतो तेव्हा मेल हवेत विरत नाही. ती पाठवणाऱ्याच्या सर्व्हरच्या रांगेत थांबते. एसएमटीपी या मेल पोहोचवण्याच्या पद्धतीचे मानक, म्हणजे २००८ सालचे आरएफसी ५३२१, असे सुचवते की पाठवणाऱ्याने किमान ३० मिनिटांच्या अंतराने पुन्हा पुन्हा प्रयत्न करावा आणि हार मानण्यापूर्वी साधारणपणे ४ ते ५ दिवस थांबावे. मेल सर्व्हरच्या प्रचलित प्रणालींपैकी पोस्टफिक्स आणि सेंडमेल मूळ मांडणीत ५ दिवस थांबतात, एक्झिम ४ दिवस थांबतो, क्यूमेल तर ७ दिवस थांबतो. तुमच्या १९ तासांत एकही मेल हरवली नाही त्याचे कारण हेच आहे: जगातला प्रत्येक बऱ्यापैकी चालवलेला मेल सर्व्हर हा तुमचा राखीव सर्व्हरच असतो, आणि तोही फुकट.

मग स्वतःचा ठेवून काय मिळते? माझ्या मते तीन गोष्टी. पहिली अशी की, थांबण्याची मुदत तुमच्या हाती येते. सगळेच ५ दिवस थांबत नाहीत. मायक्रोसॉफ्टच्या एक्सचेंज सर्व्हरची मूळ मुदत २ दिवसांची आहे, आणि एखाद्या संकेतस्थळाच्या फॉर्ममधून थेट मेल पाठवणारी साधी स्क्रिप्ट तर एकदाच प्रयत्न करून गप्प बसते. दुसरी गोष्ट, मुख्य सर्व्हर परत आल्यानंतर साठलेल्या मेल लगेच सोडता येतात. एक्झिमचा मूळ नियम पाहा: पहिले २ तास दर १५ मिनिटांनी प्रयत्न, मग १६ तासांपर्यंत वाढत्या अंतराने, आणि त्यानंतर दर ६ तासांनी. म्हणजे १९ तासांनी तुम्ही परत आलात तरी एखाद्या एक्झिमकडची मेल आणखी काही तास तिथेच बसून राहू शकते. स्वतःच्या रांगेला मात्र तुम्ही एका आज्ञेने हलवू शकता. तिसरी गोष्ट म्हणजे ज्या सूचनांमुळे तुम्हाला फोन आले त्या थांबतात. सेंडमेल साधारण ४ तासांनी पाठवणाऱ्याला अशी सूचना देतो.

या तिसऱ्या लाभाबद्दल माझ्या मनात शंका आहे, हेही नोंदवतो. सूचना थांबते याचा अर्थ असा की, पाठवणाऱ्याची समजूत मेल पोहोचल्याची होते, आणि प्रत्यक्षात ती तुमच्या राखीव सर्व्हरच्या रांगेत पडून असते. तुमचे सदस्य ती वाचू शकत नाहीत, कारण मेलबॉक्स मुख्य सर्व्हरवर आहेत आणि तो बंद आहे. घाईचे काम असेल तर ‘पोहोचली नाही’ हे कळणेच पाठवणाऱ्याच्या हिताचे असते. निदान तो फोन तरी करतो. बैठकीत हे स्पष्टपणे सांगा, नाहीतर राखीव सर्व्हर असूनही मेल दिसत का नाहीत, असा प्रश्न पुढच्या वेळी येईल.

रात्रपाळी

वरच्या प्रतिसादाशी मी सहमत आहे, पण ‘ठेवू नका’ असे म्हणणाऱ्यांचे मुख्य कारण त्यात आलेले नाही. ते कारण स्पॅम आणि त्यातून उद्भवणारे उलट बाउन्स (मेल पोहोचली नाही असे प्रेषकाला कळवणाऱ्या परतीच्या मेल) हे आहे.

एमएक्स क्रमांकांचा अर्थ असा की लहान क्रमांकाच्या सर्व्हरकडे आधी जावे आणि तो भेटला नाही तर मोठ्या क्रमांकाकडे. सज्जन सर्व्हर हे पाळतात. स्पॅम पाठवणारे मात्र मुद्दाम मोठ्या क्रमांकाकडे आधी जातात, कारण राखीव सर्व्हरवर गाळणी कमी असते आणि मुख्य सर्व्हर त्याच्यावर विश्वास ठेवतो, हे त्यांना ठाऊक आहे. त्यामुळे तुमचा राखीव सर्व्हर वर्षातून १९ तास काम करणार नाही. तो पहिल्या दिवसापासून रात्रंदिवस काम करील, आणि ते बहुतांशी नको असलेले काम असेल.

खरी आपत्ती यापुढे आहे. समजा, राखीव सर्व्हरला तुमचे चाळीस पत्ते माहीत नाहीत, आणि डोमेनच्या नावाने आलेली प्रत्येक मेल तो स्वीकारतो. कुणीतरी खोट्या प्रेषकपत्त्याने अस्तित्वात नसलेल्या पत्त्यावर स्पॅम पाठवले. राखीव सर्व्हरने ‘घेतले’ असे सांगितले, म्हणजे जबाबदारी त्याच्यावर आली. तो ते मुख्य सर्व्हरकडे घेऊन गेला, मुख्य सर्व्हरने ‘असा पत्ता नाही’ म्हणून ५५० (कायमच्या नकाराचा संकेतांक) दिला, आणि आता राखीव सर्व्हरला नियमाप्रमाणे प्रेषकाला बाउन्स पाठवणे भाग आहे. तो प्रेषक खोटा, म्हणजे बाउन्स एका तिऱ्हाइताच्या मेलबॉक्समध्ये जाऊन पडला. दिवसाला अशा हजारभर घटना झाल्या की तुमच्या सर्व्हरचा आयपी पत्ता स्पॅम पाठवणाऱ्यांच्या काळ्या याद्यांत जायला वेळ लागत नाही.

म्हणून माझा नियम असा आहे: मुख्य सर्व्हर जी मेल दारात नाकारील ती राखीव सर्व्हरनेही दारातच नाकारली पाहिजे. पत्त्यांची यादी, काळ्या याद्यांची तपासणी, ग्रेलिस्टिंग (अनोळखी पाठवणाऱ्याला आधी ‘थोड्या वेळाने या’ असे सांगणे), मेलच्या आकाराची मर्यादा, हे सगळे दोन्हीकडे सारखे हवे. आकाराची मर्यादा लोक हमखास विसरतात. पोस्टफिक्समध्ये ती मुळात १,०२,४०,००० बाइट असते. मुख्य सर्व्हरवर तुम्ही ती वाढवली आणि राखीवावर विसरलात, तर मुख्य बंद असताना मोठ्या जोडपत्रांच्या मेल कायमच्या नाकारल्या जातील. उलट झाले तर त्या राखीवावर शिरतील आणि पुढे अडकतील.

ही शिस्त पाळता येणार नसेल तर राखीव सर्व्हर न ठेवणेच बरे.

विरामचिन्ह

आता पोस्टफिक्सच्या मांडणीबद्दल. पॅरामीटरांची नावे उच्चाराप्रमाणे लिहीत आहे. मॅन्युअलमध्ये ती सहज सापडतील.

राखीव सर्व्हरवर तुमचे डोमेन ‘रिले डोमेन्स’ मध्ये टाकावे. ते ‘माय डेस्टिनेशन’ मध्ये किंवा व्हर्च्युअल मेलबॉक्सच्या डोमेनांत चुकूनही टाकू नये, नाहीतर तो मेल स्वतःकडेच वाटू पाहील. पुढे कुठे पाठवायचे ते ‘ट्रान्सपोर्ट मॅप्स’ मध्ये लिहावे आणि मुख्य सर्व्हरचे नाव चौकोनी कंसांत द्यावे. चौकोनी कंसांचा अर्थ ‘एमएक्स शोधू नकोस, थेट या यंत्राकडे जा’ असा होतो. ही नोंद न करताही काम होते, कारण पोस्टफिक्स एमएक्स याद्या पाहतो, त्यात स्वतःला ओळखतो, स्वतःच्या बरोबरीचे आणि स्वतःहून मोठ्या क्रमांकाचे सगळे वगळतो आणि उरलेल्याकडे जातो. पण सर्व्हर नॅटच्या मागे, म्हणजे बाहेरचा पत्ता दुसऱ्याच उपकरणाकडे असलेल्या जाळ्यात, असेल तर त्याला स्वतःचा बाहेरचा पत्ता ठाऊक नसतो. अशा वेळी तो पत्ता ‘प्रॉक्सी इंटरफेसेस’ मध्ये लिहिला नाही, तर मुख्य सर्व्हर बंद होताच राखीव सर्व्हर मेल स्वतःलाच पाठवू लागतो, आणि ती लूपच्या चुकीने परत जाते. या चुकीची गंमत अशी की मुख्य सर्व्हर चालू असताना ती कधीच दिसत नाही. म्हणून चौकोनी कंसांची नोंदही करावी आणि प्रॉक्सी इंटरफेसेसही भरावे.

‘परमिट एमएक्स बॅकअप’ नावाची एक सोय आहे, जिच्यामुळे डोमेनांची यादी न लिहिताही ज्या डोमेनच्या एमएक्स नोंदीत आपले नाव असेल त्याची मेल घेतली जाते. ती वापरू नका. कुणीही आपल्या डीएनएसमध्ये तुमच्या सर्व्हरचे नाव टाकून तुमच्या डोक्यावर आपला भार ठेवू शकतो, आणि पत्त्यांची पडताळणीही होत नाही.

पत्त्यांची यादी ‘रिले रेसिपियंट मॅप्स’ मध्ये येते. हा पॅरामीटर मुळात रिकामा असतो, आणि रिकामा याचा अर्थ ‘सगळे पत्ते चालतील’. रात्रपाळी यांनी वर्णन केलेला प्रकार तिथूनच सुरू होतो. यादी मुख्य सर्व्हरवरून एसएसएचने (सुरक्षित जोडणीने) आणावी, ती पोस्टफिक्सच्या उपयोगाची करण्यासाठी पोस्टमॅप चालवावा, आणि ठरावीक वेळी कामे करणाऱ्या क्रॉनमध्ये ते लावून द्यावे. यादीत पोस्टमास्टरचा पत्ता घालायला विसरू नये.

यादी आणायची नसेल तर ‘रिजेक्ट अनव्हेरिफाइड रेसिपियंट’ हा दुसरा मार्ग आहे. त्यात राखीव सर्व्हर प्रत्येक नव्या पत्त्याबद्दल मुख्य सर्व्हरला विचारतो आणि उत्तर लक्षात ठेवतो: होकार ३१ दिवस, नकार ३ दिवस. मुख्य बंद असताना लक्षात असलेले पत्ते चालतात, अनोळखी पत्त्याला तो ४५० (तात्पुरता नकार) देतो. मांडणी देखणी आहे, पण ज्या पत्त्यावर राखीव सर्व्हरमार्फत आजवर कुणी मेल पाठवलीच नाही तो पत्ता त्याच्या स्मरणात असणार नाही, आणि नेमक्या गरजेच्या वेळी त्याचा उपयोग होणार नाही. चाळीस पत्त्यांसाठी यादीच बरी.

मुदतीबद्दल विचारले होते. ‘मॅक्सिमल क्यू लाइफटाइम’ मुळात ५ दिवस असते. ती तशीच ठेवली तर राखीव सर्व्हर ठेवून विशेष काही साधले नाही, कारण ५ दिवस बहुतेक पाठवणारेही थांबलेच असते. मी २० दिवस ठेवतो. ‘बाउन्स क्यू लाइफटाइम’ मात्र १ दिवसावर आणतो, म्हणजे कुणाकडेही न जाणारे बाउन्स रांगेत कुजत बसत नाहीत. प्रयत्नांमधले कमाल अंतर ४,००० सेकंदांचे, म्हणजे सुमारे ६७ मिनिटांचे असते. ते कमी करण्याची गरज मला कधी भासली नाही, कारण मुख्य सर्व्हर परत आल्यावर ‘पोस्टक्यू’ ला उणे एफ दिले की रांग लगेच हलते.

पूर्वी हे काम मुख्य सर्व्हर स्वतःच करीत असे. डायल-अप जोडणीच्या काळात ईटीआरएन नावाची आज्ञा देऊन तो राखीव सर्व्हरला ‘मी आलो, माझ्या मेल सोड’ असे सांगे. तिचे मानक आरएफसी १९८५ हे आहे, आणि त्या क्रमांकामुळे ते १९८५ सालचे असावे असा अनेकांचा समज होतो. प्रत्यक्षात ते १९९६ चे आहे. पोस्टफिक्समध्ये ही आज्ञा आजही चालते.

संगणककक्ष

सर्वांचे मनापासून आभार. वरील सूचनांप्रमाणे दुसऱ्या डेटासेंटरमध्ये राखीव सर्व्हर उभा केला आहे. यादी रोज रात्री येते, प्रॉक्सी इंटरफेसेस भरले आहे, मुदत २० दिवस ठेवली आहे. जागेचा हिशेबही केला: नाकारलेल्या वगळता दिवसाला सुमारे १,५०० मेल, सरासरी १०० केबी धरले तर दिवसाला १५० एमबी, म्हणजे २० दिवसांना ३ जीबी. डिस्क २० जीबीची असल्याने चिंता नाही.

रात्रपाळी यांचे भाकीत मात्र अक्षरशः खरे ठरले. डीएनएसमध्ये नोंद पडल्यानंतर काही तासांतच मुख्य सर्व्हर पूर्णपणे चालू असताना राखीव सर्व्हरवर जोडण्या येऊ लागल्या.

आता एक नवी अडचण आहे. चाचणीसाठी मुख्य सर्व्हरचे मेल स्वीकारणारे पोर्ट २५ एक तास बंद ठेवले आणि बाहेरच्या एका खात्यावरून चार मेल पाठवल्या. चारही राखीव सर्व्हरवर पोहोचल्या, पण पोर्ट उघडल्यावर मुख्य सर्व्हरने त्यांतल्या दोन एसपीएफच्या कारणावरून ५५० देऊन परतवल्या, आणि उरलेल्या दोघींना ग्रेलिस्टिंगने थांबवून ठेवले. पाठवणाऱ्या डोमेनची एसपीएफ नोंद तर बिनचूक आहे.

जुनाटपाली

नोंद बिनचूक आहे म्हणूनच हे झाले. एसपीएफ असे विचारते की, ज्या आयपी पत्त्यावरून मेल आली तो पत्ता प्रेषकाच्या डोमेनने मान्य केलेला आहे का. मुख्य सर्व्हरच्या दृष्टीने मेल तुमच्या राखीव सर्व्हरच्या पत्त्यावरून आली, आणि जगातले कुठलेच परके डोमेन तुमच्या राखीव सर्व्हरला मान्यता देणार नाही. डीकेआयएमची (पाठवणाऱ्या डोमेनची डिजिटल) सही मेलच्या मजकुरावर आणि शीर्षकांवर असते, त्यामुळे राखीव सर्व्हरने मेलला हात लावला नाही तर ती शाबूत राहते. राखीव सर्व्हरवर विषयाच्या ओळीत ‘स्पॅम’ असा शिक्का मारण्याची किंवा खाली टीप जोडण्याची हौस कुणी करू नये, याचे कारण हेच.

उपाय असा की, एसपीएफची तपासणी राखीव सर्व्हरने करावी, कारण खरा पाठवणारा त्यालाच भेटतो, आणि मुख्य सर्व्हरने राखीव सर्व्हरच्या पत्त्याला एसपीएफ, ग्रेलिस्टिंग आणि काळ्या याद्या या तिन्हींतून सूट द्यावी. स्पॅमअसॅसिन ही स्पॅमची गाळणी वापरत असाल तर राखीव सर्व्हरचा पत्ता ‘इंटर्नल नेटवर्क्स’ मध्ये टाका. मग ती गाळणी राखीव सर्व्हरने लिहिलेली रिसीव्हड ओळ (मेल कुठून आली याची नोंद) ग्राह्य धरून त्याच्या पलीकडच्या पत्त्याची तपासणी करते. राखीव सर्व्हरचा पत्ता मुख्य सर्व्हरच्या ‘माय नेटवर्क्स’ मध्ये टाकून मोकळे होण्याचा मोह होईल, पण त्यामुळे राखीव सर्व्हरला मुख्य सर्व्हरमधून जगात कुठेही मेल पाठवण्याची मुभा मिळते. तो सर्व्हर उद्या कुणाच्या हाती गेला तर ती मुभाही गेली, म्हणून सूट तेवढ्याच तपासण्यांपुरती द्यावी.

मजकूर पाहून स्पॅम ठरलेल्या मेलचे काय, हाही प्रश्न आहे. मुख्य सर्व्हरने राखीवाकडून आलेली अशी मेल नाकारली की पुन्हा बाउन्सचे चक्र सुरू होते. राखीवाकडून आलेली मेल कितीही वाईट असली तरी घ्यावी आणि जंक फोल्डरमध्ये टाकावी. आणि मुख्य सर्व्हरवर फेल-टू-बॅन (वारंवार नकार मिळणाऱ्या पत्त्यांना बंदी घालणारा प्रोग्राम) चालू असेल तर तिथेही राखीव सर्व्हरचा पत्ता वगळावा. माझ्याकडे एकदा मुख्य सर्व्हर दुरुस्तीनंतर परत आला, राखीवाने साठवलेल्या मेल सोडायला सुरुवात केली, त्यांतल्या काही नाकारल्या गेल्या, आणि फेल-टू-बॅनने इमाने इतबारे राखीव सर्व्हरलाच बंदी घातली. रांग का हलत नाही हे शोधण्यात अर्धा दिवस गेला.

चौथाखांब

चर्चा उशिरा वाचली. दोन गोष्टींचा उल्लेख कुणी केलेला दिसला नाही.

तुमचे डीएनएस कुठे आहे? डोमेनचे नेमसर्व्हर (डीएनएस नोंदी पुरवणारे सर्व्हर) मुख्य मेल सर्व्हरवरच किंवा त्याच जाळ्यात असतील तर तो बंद पडताच पाठवणाऱ्याला एमएक्स नोंदच वाचता येणार नाही, आणि राखीव सर्व्हर असल्याचे कुणाला कळणारही नाही. तसेच एमएक्समध्ये ज्या यंत्राचे नाव देता त्याला थेट पत्त्याची नोंद हवी. सीनेमने (टोपणनावाच्या नोंदीने) दुसरीकडे बोट दाखवलेले चालत नाही.

दुसरी गोष्ट टीएलएसची, म्हणजे कूटबद्ध जोडणीची. तुम्ही एमटीए-एसटीएस (मेल अशाच जोडणीने द्यावी असे सांगणारे मानक) लावले असेल, तर त्याच्या धोरणाच्या फाइलमध्ये राखीव सर्व्हरचे नाव असले पाहिजे आणि त्याच्याकडे त्या नावाचे ग्राह्य प्रमाणपत्र असले पाहिजे. धोरण ‘एन्फोर्स’ असेल आणि नाव नसेल, तर २०१८ चे हे मानक पाळणारे मोठे पाठवणारे राखीव सर्व्हरला मेल देणारच नाहीत. डेन (प्रमाणपत्राची पडताळणी डीएनएसमधून करण्याची पद्धत) वापरत असाल तर राखीव सर्व्हरच्या नावाचीही टीएलएसए नोंद करा.

आणि ज्यांचा राखीव सर्व्हर एखाद्या मित्राच्या यंत्रावर आहे त्यांच्यासाठी: रांगेतल्या मेल उघड्या पडलेल्या असतात. त्या यंत्रावर रूटचा (प्रशासकाचा) अधिकार असलेला कुणीही पोस्टकॅट या आज्ञेने त्या वाचू शकतो. संस्थेच्या मेलच्या बाबतीत हे बैठकीला विचारूनच ठरवावे.

रात्रपाळी

यादी रोज रात्री येते, असे वाचून एक जुनी जखम आठवली, ती सांगतो. माझी स्क्रिप्ट मुख्य सर्व्हरवरून पत्ते आणत असे आणि मिळालेला मजकूर सरळ यादीच्या फाइलमध्ये लिहीत असे. एका रात्री मुख्य सर्व्हर बंद पडला. स्क्रिप्ट ठरलेल्या वेळी चालली, तिला काहीच मिळाले नाही, तिने ते ‘काहीच नाही’ फाइलमध्ये लिहिले आणि पोस्टमॅपही चालवला. इथे एक बारीक भेद लक्षात घ्या: पॅरामीटर रिकामा असेल तर सगळे पत्ते चालतात, पण पॅरामीटरने दाखवलेली फाइल रिकामी असेल तर एकही पत्ता चालत नाही. सकाळपर्यंत राखीव सर्व्हर प्रत्येक खऱ्या मेलला ५५० देऊन कायमचे परतवत होता. राखीव सर्व्हर नसता तर त्या सगळ्या मेल पाठवणाऱ्यांकडे सुखरूप थांबल्या असत्या. ज्या दिवसासाठी तो ठेवला होता, नेमक्या त्याच दिवशी त्याने माझे सर्वाधिक नुकसान केले.

आता स्क्रिप्ट आधी तात्पुरत्या फाइलमध्ये लिहिते, शेवटच्या ओळीत मी ठेवलेली खूण आहे का आणि ओळींची संख्या कालच्याहून फार कमी नाही ना, हे पाहते, आणि मगच जुन्या फाइलच्या जागी नवी ठेवते.

संगणककक्ष

एसपीएफ, ग्रेलिस्टिंग आणि फेल-टू-बॅनची सूट दिली, स्क्रिप्ट सुधारली, नेमसर्व्हर वेगळे आहेत याची खात्री केली. सुटीच्या दिवशी पुन्हा चाचणी घेतली. मुख्य सर्व्हरचे पोर्ट २५ सहा तास बंद ठेवले. पहिले तीन तास फायरवॉल जोडणी तात्काळ नाकारत होती आणि पुढचे तीन तास निमूटपणे पाकिटे टाकून देत होती, म्हणजे पाठवणाऱ्याला उत्तराची वाट पाहत बसावे लागत होते. दोन्ही स्थितींत मेल राखीव सर्व्हरकडे वळल्या. पोर्ट उघडून रांग हलवल्यावर पाचेक मिनिटांत सगळ्या मेल मुख्य सर्व्हरवर आल्या आणि योग्य फोल्डरांत पडल्या.

एक मेल मात्र गेली. त्याच दिवशी सकाळी एका नव्या सदस्याचा मेलबॉक्स मी उघडला होता, आणि यादी आदल्या रात्रीची असल्यामुळे राखीव सर्व्हरने त्याच्या पत्त्याला ५५० दिला. यादी दर दहा मिनिटांनी आणता येईल, पण मुख्य सर्व्हर बंद पडण्याच्या ऐन आधी पत्ता उघडला गेला तर फट राहीलच. ही फट बुजवता येते का?

विरामचिन्ह

येते. राखीव सर्व्हरवर ‘अननोन रिले रेसिपियंट रिजेक्ट कोड’ हा पॅरामीटर ५५० ऐवजी ४५० करा. मग यादीत नसलेल्या पत्त्याला तो ‘नाही’ न म्हणता ‘आत्ता नाही’ म्हणतो. मेल तो घेत नाही, त्यामुळे बाउन्सची जबाबदारी त्याच्यावर येत नाही. खरा पाठवणारा आपल्या रांगेत ती ठेवून पुन्हा येतो, आणि तोवर मुख्य सर्व्हर उभा असेल तर एमएक्सच्या क्रमाने आधी त्याच्याकडेच जातो. पत्ता असेल तर मेल पोहोचते, नसेल तर शेवटचा नकार मुख्य सर्व्हर देतो. चुकीचा पत्ता लिहिणाऱ्याला ती चूक थोडी उशिरा कळेल, एवढाच तोटा. रात्रपाळी यांच्या त्या रात्री हा कोड ४५० असता, तर रिकाम्या फाइलनेही एकही मेल गेली नसती.

रात्रपाळी

हे तेव्हा कुणी सांगितले असते तर! आत्ताच बदलले.

संगणककक्ष

मीही बदलले. नव्या सदस्याचा पत्ता यादीतून मुद्दाम काढून, पोर्ट २५ बंद ठेवून पुन्हा मेल पाठवली. राखीव सर्व्हरच्या लॉगमध्ये ४५० दिसला, आणि पोर्ट उघडल्यावर साधारण चाळीस मिनिटांनी तीच मेल पाठवणाऱ्याकडून थेट मुख्य सर्व्हरवर आली.